जुलै १९४४ चा मराठा शिपाई: तीनशे पौंडांत जुळवलेला गणवेश

माझा भाचा इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळ राहतो. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आठव्या आर्मीचं जगणं लोकांपुढे मांडणाऱ्या एका हौशी गटात तो जातो. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ही मंडळी एखाद्या मैदानावर तंबू ठोकतात, त्या काळचे कपडे घालतात, चुलीवर चहा करतात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना सैनिकाचा दिवस कसा जायचा ते समजावून सांगतात. तिकडे याला रीइनॅक्टमेंट म्हणतात. गटात इंग्रज पलटणींचे शिपाई होते, न्यूझीलंडचा एक होता. भारतीय एकही नव्हता.

इटलीच्या मोहिमेत भारताच्या चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन पायदळ डिव्हिजन लढल्या. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी, म्हणजे शौर्यासाठीच्या सर्वोच्च ब्रिटिश पदकांपैकी, ६ भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले आणि त्यांतले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे: नाईक (हा हुद्दा) यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव. भाच्याने मला फोन केला तो एवढ्यासाठीच. "मावशी, मला मराठा शिपाई उभा करायचाय. माझ्याकडे तीनशे पौंड आहेत. जमेल का?"

माझं सारं काम कापडातलं. जुन्या कपड्यांची शिवण उलटून पाहायची सवय आहे आणि पुण्याच्या कॅम्पातले दोन-तीन जुने शिंपी ओळखीचे आहेत. जमेल असं मला वाटलं आणि ते जमलंही. ते कसं जमलं हे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण खिसा बेताचा असताना हा नाद करू पाहणारे आपल्याकडेही हळूहळू वाढत आहेत.

आधी तारीख, मग कपडा

भाच्याच्या डोक्यात इटलीतल्या सांग्रो नदीवरची लढाई होती. नोव्हेंबर १९४३, पाऊस, चिखल, वाढलेलं पाणी. त्या लढाईत आठव्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली बटालियन होती. प्रसंग मोठा आहे, पण तो थंडीतला आहे. थंडी आली की लोकरी बॅटलड्रेस आली, म्हणजे कमरेपर्यंतचं आखूड जाकीट आणि त्याच कापडाची पँट. वर ओव्हरकोट किंवा बिनबाह्यांचं चामडी जाकीट, आत लोकरी स्वेटर. युद्धकाळातलं अस्सल जाकीट, तेही आजच्या माणसाच्या अंगात बसेल अशा मापाचं, दोनशे पौंडांच्या खाली त्याला कुठे दिसेना. पँट त्याहून दुर्मीळ, कारण पँटी वापरून वापरून फाटल्या आणि जाकिटं कपाटात राहिली. साऱ्याची बेरीज सातशेच्या पुढे गेली, आणि त्यात शिरस्त्राण आणि बूट अजून धरलेच नव्हते.

यावर तिकडची एक प्रचलित वाट आहे: युद्धानंतरची बॅटलड्रेस घ्यायची. १९४९ च्या नमुन्याची ब्रिटिश जाकिटं, किंवा बेल्जियम आणि ग्रीसच्या सैन्यांनी त्याच धर्तीवर शिवलेली, बऱ्याच कमी पैशांत मिळतात. मात्र १९४९ च्या जाकिटाची कॉलर उघडी, कोटासारखी पडणारी असते, तर युद्धकाळातल्या साध्या शिपायाची गळ्याशी बंद होणारी. ती बदलून शिवणारे लोक आहेत. काम नाजूक आहे आणि त्याची मजुरी वेगळी पडते.

मी त्याला विचारलं, सांग्रोच का? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. सांग्रोचं नाव ऐकलेलं होतं, इतकंच. मग मी त्याला १० जुलै १९४४ ही तारीख सुचवली.

त्या दिवशी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठ्यांच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या भक्कम ठाण्यावर चालून गेली. यशवंत घाडगे एका सेक्शनचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, कमांडर होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्या सेक्शनमधले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेडने गन आणि ती चालवणारा निकामी केला, दुसऱ्याला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा हातातलं हत्यार नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजाच्या गोळीने ते पडले. वय २२. आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. माणगावात त्यांचा पुतळा आहे आणि इटलीत मोंतोने इथे २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

आता पैशांच्या बाजूने पाहा. जुलै महिना, इटलीचा उन्हाळा, म्हणजे लोकर बाद. अंगावर खाकी ड्रिलचा, म्हणजे तिरप्या विणीच्या सुती कापडाचा, शर्ट आणि पँट, कमरेला पट्टा, पायात बूट, डोक्यावर लोखंडी टोप. सर्वांत महागड्या तीन वस्तू तारीख बदलल्याबरोबर यादीतून गळाल्या. शिवाय जे उरलं त्यातलं मुख्य कापड असं, की ते आजही आपल्याकडे विणलं जातं आणि आपले शिंपी ते शिवू शकतात. गणवेशाच्या खर्चाचं सत्तर टक्के गणित तारखेत असतं असं माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं. लोक आधी कपडा पाहतात, तो आवडला की घेतात आणि मग त्याला शोभेल असा सैनिक शोधत बसतात. त्यात पैसे जातात आणि सैनिकही धड उभा राहत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही पहिल्याच आठवड्यात ठरवली. भाचा घाडगे होणार नाही. त्यांच्या बटालियनमधला एक बिननावाचा शिपाई होईल. घाडग्यांचं सोंग कोणी घ्यावं असं मला वाटत नाही आणि त्यालाही ते पटलं. त्या निर्णयाने खर्चही वाचला. नाईकाच्या दोन पट्ट्या नकोत, पदकांच्या फिती नकोत. तसंही इटली स्टार हे पदक १९४५ साली सुरू झालं. जुलै १९४४ मधल्या माणसाच्या छातीवर ते दिसलं तर जाणकार तिथल्या तिथे मान फिरवतो.

फोटो पाहणं

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा छायाचित्रसंग्रह इंटरनेटवर फुकट पाहता येतो. इटलीतल्या भारतीय सैनिकांचे पुष्कळ फोटो त्यात आहेत, बऱ्याच फोटोंखाली तारीख आणि ठिकाणही आहे. भाच्याने १९४४ च्या जून ते ऑगस्टमधले फोटो वेगळे काढले आणि प्रत्येकाखाली फक्त दिसलेलं लिहिलं: बाह्या गुंडाळलेल्या की खाली, पँट अर्धी की पूर्ण, घोट्याशी काय बांधलंय, पाण्याची बाटली कोणत्या बाजूला. काही जण हाफ पँटमध्ये होते, काही फुल पँटमध्ये. आम्ही फुल पँट धरली. घोट्यावर कॅनव्हासची अँकलेट आली की लोकरी मोजे आणि पायपट्ट्या लागत नाहीत, तेवढेच पंचवीस-तीस पौंड वाचले.

बॉम्बे ब्लूमर्स नावाची एक खाकी हाफ पँट त्या काळी सैन्यात होती. दिवसा दुमडून बटणाने अडकवायची, संध्याकाळी डास आले की खाली सोडून मोज्यांत खोचायची. नावात आपली मुंबई असल्यामुळे भाच्याला तिचा मोह झाला. पण आम्ही निवडलेल्या एकाही फोटोत ती मराठा शिपायाच्या अंगावर नव्हती, म्हणून ती सोडली.

एक अस्सल शर्ट आणि एक बनावट

या प्रकरणातला सर्वांत शिकवणारा भाग शर्टाचा.

एका विक्रेत्याने भाच्याला 'मराठा रेजिमेंटचा अस्सल शर्ट, १९४२' असा एक शर्ट एकशे ऐंशी पौंडांना देऊ केला. आत काळ्या शाईचा शिक्का, त्यात ब्रिटिश सरकारी मालावर असायचा तो बाण आणि खाली इंग्रजी आय हे अक्षर. भारतात बनलेल्या सैनिकी मालावर असा शिक्का असायचा, हे खरंच आहे. मी त्याला म्हटलं, शिक्का सोड, शर्ट उलटा कर आणि शिवणीचे फोटो पाठव.

काखेतून खाली येणाऱ्या शिवणीवर आत ओव्हरलॉक होतं. कापडाची कड दोऱ्याच्या जाळीने बांधलेली. आज रेडिमेड शर्ट उलटा केला की जे दिसतं, अगदी तेच. त्या काळच्या सैनिकी शर्टाला दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोनदा टीप मारलेली असते. आत उघडी कड शोधून सापडत नाही. मग भाच्याने विक्रेत्याची परवानगी घेऊन खालच्या घेरातला सुटलेला दोऱ्याचा तुकडा काडीवर धरला. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख होते. हा वितळला आणि टोकाला टणक गोळी झाली. पॉलिएस्टर. तो दोरा १९४२ साली कुठल्याही शिंप्याकडे नव्हता.

शिक्क्याबद्दल एवढंच सांगते की जुनी शाई कापडाच्या धाग्यांत मुरलेली आणि कडेला किंचित फुटलेली असते. नवी शाई वर बसलेली दिसते आणि कडा फार रेखीव असतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो अर्धाच खरा आहे. नवं कापड आणि नवा दोरा त्या उजेडात निळसर चमकतो, पण अस्सल जुना शर्ट आजच्या साबणपुडीत एकदा जरी धुतला असेल तरी तोही चमकतो, कारण चमक साबणातल्या उजळवणाऱ्या द्रव्याची असते. म्हणून कापडावर नको, शिवणीच्या पोटात, जिथे साबण नीट पोचत नाही तिथल्या दोऱ्यावर उजेड टाकायचा.

तो शर्ट घेतला नाही. काही आठवड्यांनी एका जत्रेसारख्या लष्करी बाजारात भाच्याला दुसरा सापडला. भारतात बनलेला, १९४३ चा शिक्का, डोक्यावरून घालायचा, छातीपर्यंतच बटणं असलेला. पाठीत फाटलेला, एक खिसा नाही आणि छाती चौतीस इंच. पस्तीस पौंड. तो घेणाऱ्याच्या अंगात बसत नाही म्हणून स्वस्त होता. त्या पिढीतले जवान सडपातळ होते, आजचे हौशी तसे नाहीत. म्हणून मोठ्या मापाला भाव चढतो आणि लहान मापाचे अस्सल कपडे पडून राहतात.

बाजूच्या शिवणी उसवून, पट्ट्या जोडून तो अंगात बसवायचा त्याचा विचार होता. मी ठाम नाही म्हटलं. ऐंशी वर्षं टिकलेल्या कपड्याला एका शनिवार-रविवारसाठी कात्री लावायची नाही. तो शर्ट नमुना म्हणून वापरायचा आणि त्यावरून नवा शिवायचा. दिवाळीला येताना त्याने तो बॅगेतून आणला.

कॅम्पातले मास्तर

ज्या टेलर मास्तरांकडे मी तो नेला, त्यांनी उमेदीची वर्षं छावणीतल्या साहेबलोकांचे आणि जवानांचे गणवेश शिवण्यात घालवली आहेत. त्यांनी शर्ट टेबलावर पसरला, खांद्यापासून मुंढ्यापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, हा घाईत शिवलाय, पण हात शिकलेला आहे. टीप कुठेही वाकडी नाही."

सगळ्यांत अवघड कापड निघालं. खाकी मागितलं की दुकानदार पोलिसी टेरिकॉट काढतो. ते चमकतं, घामात चिकटतं आणि दहा फुटांवरूनही चुकीचं दिसतं. आम्हाला हवं होतं शंभर टक्के सुती ड्रिल, तिरप्या विणीचं, वजनाने मध्यम. मिळालं ते रंगाने जास्त गडद होतं. मास्तरांनी शिवण्याआधी ते कापड पुन्हा पुन्हा धुऊन उन्हात टाकायला सांगितलं. त्याचे दोन फायदे झाले: आटायचं ते आधीच आटलं आणि रंग उतरून वाळूच्या जवळ आला. युद्धातली खाकी ड्रिल अशीच होती. नवी असताना पिवळट तपकिरी, धोबीघाटावर काही महिने गेले की जवळजवळ फिकी.

शिवताना तीन गोष्टी सांभाळल्या. सगळ्या शिवणी दुमडून दुहेरी टिपेच्या, ओव्हरलॉक कुठेच नाही. दोरा सुती. बटणं चार भोकांची, चमक नसलेली. ती जुन्या बाजारातल्या एका डब्यातून निवडून काढली. काजं मास्तरांनी मशीनवर केली, कारण मूळ शर्टाचीही मशीनचीच होती. हाताची काजं जास्त जुनी दिसतात म्हणून ती करून घेणारे भेटतात, पण कारखान्यातल्या मालाला ती खोटी ठरतात. कॉलरच्या आतल्या बाजूला मी मास्तरांकडून शिवल्याचं साल आणि 'पुणे' असं पक्क्या शाईत लिहून घेतलं, म्हणजे उद्या हा शर्ट कोणाच्याही हाती गेला तरी अस्सल म्हणून विकता येणार नाही. नव्या मालावर नवेपणाची खूण असलीच पाहिजे. बाजारातली निम्मी फसवणूक अशी खूण नसलेल्या प्रामाणिक नकलांतूनच जन्माला येते.

शर्ट आणि पँट, कापड आणि शिलाई धरून, साडेतीन हजार रुपयांच्या आसपास पडले. तेव्हाच्या भावाने तीसेक पौंड.

पट्टे, टोप, बूट

कॅनव्हासचा पट्टा, खांद्यावरचे पट्टे, छातीवरच्या दोन पाउच आणि पाठीवरची पिशवी हा सगळा साज १९३७ च्या नमुन्याचा. इथे भारतीय शिपाई उभा करणाऱ्याचं नशीब चांगलं आहे. स्वातंत्र्यानंतरही आपल्या सैन्यात हाच नमुना अनेक वर्षं चालला. १९६२ च्या युद्धातही तो जवानांच्या अंगावर होता. म्हणजे युद्धानंतर बनलेला, पण आकाराने तोच माल इथल्या जुन्या बाजारांत अजून हाती लागतो. पट्टा आणि एक पाउच मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, बाकीचं भाच्याने तिकडे घेतलं. नंतरचा माल पुष्कळदा ऑलिव्ह रंगात असतो. त्यावर त्या काळी जवान पट्ट्यांना चोळायचे ती ब्लँको नावाची पूड ओल्या ब्रशने चढवली की रंगांचा फरक झाकला जातो. सगळे तुकडे एकाच छटेचे नसले तरी हरकत नाही, फोटोंतही नसतात. पाण्याची एनॅमलची बाटली धरून हा साज सुमारे शंभर पौंडांत झाला.

टोप अस्सल घेतला, मात्र आतली गादी नसलेला आणि कोणीतरी हिरव्या रंगात बुडवलेला. पंचेचाळीस पौंड. गादी नवी, वीस. बूट मात्र सैनिकी घेतलेच नाहीत. चामडी तळाचे काळे जुने बूट चाळीस पौंडांना घेऊन चांभाराकडून तळाला खिळे आणि टाचेला नाल मारून घेतली, आणखी पंधरा. अँकलेट दहा. रायफल गटाची होती, निकामी केलेली आणि कागदपत्रं असलेली. ती त्याने विकत घेऊ नये असं मी पहिल्यापासून सांगत होते.

नमुन्याचा पस्तीस पौंडांचा शर्ट धरून एकूण खर्च तीनशेला टेकला.

कायद्याचं थोडं

ब्रिटनमध्ये १८९४ चा युनिफॉर्म्स ॲक्ट चालू सैन्याच्या गणवेशाबद्दल आहे. ऐंशी वर्षांपूर्वीच्या खाकी ड्रिलला तिथे अडचण येत नाही. आपल्याकडे मात्र सांभाळून राहावं. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने सैनिकी पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. २०२२ साली आलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या जवळपासही हौशी माणसाने जाऊ नये. संगिनी घेताना शस्त्रास्त्र कायदा आधी वाचावा. आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू, म्हणजे पहिल्या महायुद्धातला पट्टा किंवा बिल्ला, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. ती परदेशी पाठवता येत नाही.

मैदानावर

पुढच्या जुलैत भाचा त्या गटाबरोबर पहिल्यांदा उभा राहिला. लोक आधी शर्टाबद्दल विचारत आणि मग माणसाबद्दल, असं त्याने सांगितलं. इंग्रज सोबत्यांना मराठा शिपायांना त्या काळी 'गणपत' म्हणत हे ठाऊक होतं. रणगर्जना काय होती हे ठाऊक नव्हतं. त्याने ती देऊन दाखवली: बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय! एका वृद्ध बाईंनी आपले वडील इटलीत भारतीय पलटणीशेजारी होते असं सांगून त्याला बराच वेळ धरून ठेवलं. घाडग्यांची हकीकत तो दर फेरीला सांगतो, त्यांचं सोंग न घेता, त्यांच्या सेक्शनमधल्या कोणा एकाच्या वतीने. जे पडले आणि ज्यांची नावं कोणी घेत नाही, त्यांतल्या एकाच्या.

उणिवा आहेतच. खांद्यावरची कापडी नावपट्टी अजून लावलेली नाही, कारण तारखेचा पुरावा असलेला नमुना मिळालेला नाही आणि अंदाजाने शिवायची नाही असं ठरलं आहे. पँटेचे खिसे मास्तरांनी थोडे खोल घेतले आहेत. चौतीस छातीचा मूळ शर्ट आम्लमुक्त कागदात गुंडाळून ठेवला आहे, डांबराच्या गोळ्या न घालता; सुती कापडाला लोकरीसारखी कसर लागत नाही, त्याला ओल आणि झुरळं सांभाळावी लागतात.

आता गटातल्या आणखी एका मुलाला नामदेव जाधवांच्या पहिल्या बटालियनचा शिपाई उभा करायचा आहे: सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. तिथे लोकर टाळता येईल की नाही हे त्या आठवड्यातले फोटो पाहून ठरेल. ते शोधून काढायला त्याला सांगितलं आहे.